तिसरी रेघ

सोमवारी सकाळी आठला टायरांचं दुकान उघडून मावशीने भिंतीला टेकवलेलं एक चाक उचललं आणि तिचा तळहात लाल झाला. आधी तिला वाटलं, रिमची कड लागून कापलं. तिने फडक्याने हात पुसला, बोटं हलवून पाहिली. जखम कुठेच नव्हती. तो ठोकळ्याचा रंग होता.

हा ठोकळा दुकानाच्या मधोमध पडलेला असायचा. वीतभर उंच, जुन्या लाकडाचा, आणि तिच्या हाताखालच्या म्हाताऱ्या मिस्तरींच्या पायांचा जुना वैरी. मिस्तरी त्याला अडखळून दोनदा पालथे पडले होते. शेवटी गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःच तो लाल रंगवला, म्हणजे निदान दिसेल तरी. रंग इतका स्वस्तातला आणला की चार दिवस झाले तरी वाळायचं नाव घेईना. त्यावरून मावशीची त्यांची बिनपाण्याने करून झाली होती.

त्या ठोकळ्याशिवाय मात्र तिच्या दुकानातून गाडी बाहेर पडत नसे. कुठल्याही गाडीला वेगळ्या मापाची चाकं बसवली की मावशी उजव्या पुढच्या चाकाच्या वर, पत्र्यावर, खडूने एकेक करून तीन रेघा ओढायची. चाकं सरळ असताना टायर कुठे घासत नाही, ही पहिली रेघ. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तरी घासत नाही, ही दुसरी. तिसरीसाठी पुढचं एकेक चाक ठोकळ्यावर चढवायचं, म्हणजे त्या बाजूची स्प्रिंग दबते आणि वरचा पत्रा टायरवर उतरतो. तसं दबलेलं असताना स्टिअरिंग पुन्हा दोन्ही टोकांना फिरवायचं, आणि मावशीने फरशीवर आडवं होऊन चाकाशी कान लावायचा. गिऱ्हाइकं हसायची. गाडीची नाडी बघताय का, म्हणून विचारायची. मावशी म्हणायची, रस्ता काही तुमच्या ओसरीसारखा सपाट नसतो.

आता ती तळहाताकडे बघत तशीच उभी राहिली. ज्या टायरला लाल रंग लागला होता, तो ठोकळ्यावर चढला होता. आणि तो इथे, भिंतीशी होता. शेजारच्या चाकालाही लाल पट्टा होता. शनिवारी दुपारी जी चाकं लावून ठकी पिकअप घेऊन गेली, त्यांना रंगाचा थेंब लागलेला मावशीला आठवत नव्हता. ती कोरी करकरीत काळी होती. गाडी निघताना मावशीने स्वतः त्यांच्यावरून हात फिरवला होता आणि हात स्वच्छ राहिला होता.

पण पत्र्यावर तीन रेघा होत्या. तीनही.

मावशी स्टुलावर बसली.

ठकी ही तिची भाची. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल. घरात, दुकानात, रस्त्यात सगळ्यांना ती ठकीच. चार वर्षांची होती तेव्हा तिची आई गेली, आणि भेटायला आलेल्या दहांपैकी नऊ जणांनी मावशीला ऐकवलं, माय मरो पण मावशी उरो. ज्याने ही म्हण काढली त्याची बहीण काही मेलेली नसणार. मावशीने पोर उचलून घरी आणली, दुकानाच्या टायरांत खेळवली, शिकवली, मोठी केली. एकच गोष्ट तिला बावीस वर्षांत जमली नाही. ठकीला नाही म्हणणं. आई बिनधास्त नाही म्हणते, वेळेला पाठीत धपाटा घालते, कारण तिला ठाऊक असतं की पोर संध्याकाळी आपल्याच कुशीत येणार. मावशीला ती खात्री कधी वाटलीच नाही.

ठकी मधमाश्या पाळायची. साठ पेट्या होत्या. जिकडे फुलोरा येईल तिकडे पिकअपमध्ये घालून न्यायच्या, महिनाभर बागेत ठेवायच्या, पुन्हा उचलायच्या. पिकअप कारखान्यातून येते तीच पुढून बसकी आणि मागून उंच, कारण मागे ओझं पडल्यावर ती सरळ व्हावी. पण बागांच्या वाटांवर मधोमध दगड असतात, आणि गाडीचा बसका पुढचा भाग दोनदा दगडावर आपटून तेलाची टाकी चेपली होती. तेव्हा पुढची बाजू उचलून गाडी लेव्हल कर, असं ठकीचं म्हणणं. मावशीला ते पटलं. तिने पुढच्या स्प्रिंगांच्या डोक्यावर दोन बोटं जाडीच्या चकत्या बसवल्या, त्याहून एक सूतही जास्त नाही. मागे ओझं पडल्यावर गाडी थोडी नाक वर करून चालेल हेही सांगून ठेवलं.

मग चाकांवरून दोघींचे दोन दिवस वादात गेले. मावशीने निवडलेली चाकं जराशी उंच, पण अंगाने बारीक होती. टायरची भिंत जाड, ओझ्याचा आकडा भरपूर, आणि रिम मूळच्या रिमइतकंच आत बसणारं. शनिवारी सकाळी ती बसवून, ठोकळ्यावर चढवून, कान लावून मावशीने तीन रेघा ओढल्या. ठकीने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि तोंड वाकडं केलं. बैलाला सायकलची चाकं लावल्यासारखं दिसतंय म्हणाली. दुपारी ती दुसरी चाकं घेऊन आली. मैत्रिणीच्या भावाने घेऊन न वापरलेली, उंचीला तेवढीच पण रुंद, काळ्या रिमची, आणि रिम असं की टायर पत्र्याच्या बाहेर दोन बोटं डोकावेल.

मावशीने सांगायचं ते सांगितलं. बाहेर आलेलं चाक स्टिअरिंग जड करतं, बेअरिंग खातं, वळताना त्याचा कोपरा लांबून फिरतो. ठकीने मागून येऊन तिच्या गळ्यात हात टाकले आणि हनुवटी खांद्यावर ठेवली. झालं, मावशीचा बर्फ वितळला. तिने रुंद चाकं चढवली, नट आवळले, सरळ पाहिलं, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून पाहिलं. उजव्या बाजूला बोटभर जागा राहत होती. ठकीची बडबड चालू होती. मावशी उठली, सवयीने तिची नजर पत्र्यावर गेली, तिथे तीन रेघा होत्या. डोळ्याने मोजल्या, तीन भरल्या, आणि मनाने गाडी सोडून दिली.

रेघा पत्र्यावर होत्या. चाकं बदलली तरी पत्रा तोच राहतो. इतक्या वर्षांत हे तिच्या ध्यानात कधी आलं नव्हतं, कारण रेघा ओढल्यावर चाकं बदलण्याची वेळच कधी आली नव्हती.

मिस्तरी डबा ठेवून आत आले तेव्हा मावशी गुडघ्यांवर बसून फरशीवर चित्र काढत होती. दोरीला खडू बांधून तिने रुंद टायरचा घेर काढला. चाकाच्या कमानीमागे, केबिनच्या पायाशी, जिथे दोन पत्रे एकमेकांना जोडून कड बाहेर आलेली असते, ती शिवण तिने मापाने आखली. मग स्प्रिंग दबल्यावर पत्रा किती उतरतो तेवढी ती शिवण खाली आणली, आणि चाक पूर्ण डावीकडे वळलं की त्याचा मागचा कोपरा कुठे येईल तिथे खूण केली. खूण शिवणीच्या पलीकडे गेली. चांगली दोन बोटं.

मिस्तरींना समजावून सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. ते म्हणाले, घासेल थोडं, प्लास्टिक फाटेल, आवाज येईल, पोरगी शहाणी आहे, थांबेल. काही होत नाही हो बाई. मावशीने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते पुढचं वाक्य गिळून गेले. त्या शिवणीची कड सुरीसारखी असते हे दोघांनाही माहीत होतं. टायरचं रस्त्याला टेकणारं तोंड दगडाला भीत नाही, पण त्याची कूस, म्हणजे बाजूची भिंत, मऊ असते. कूस कापली गेली की टायर सांगून फुटत नाही.

आणि ठकी पहाटे चोवीस पेट्या बंद करून, गाडीत भरून, आठच्या सुमाराला घाटापलीकडच्या बागांकडे निघाली होती.

मावशीने फोन लावला. घंटा वाजत राहिली. ती पुन्हा लावत राहिली, घंटा पुन्हा वाजत राहिली. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, जगबुडी आली तरी नाही, हे ठकीला मावशीनेच शिकवलं होतं, आणि बाकी काही नाही तरी एवढं पोरीने मनावर घेतलं होतं. सहाव्या वेळी घंटाही वाजली नाही. फोन संपर्काबाहेर गेला, म्हणजे गाडी डोंगरात शिरली.

दुकान उघडंच टाकून दोघं निघाले. लाल पट्ट्यांची दोन बारीक चाकं, जॅक, पाना, पहार आणि एक जाड फळी मिस्तरींनी जुन्या व्हॅनमध्ये टाकली. चालवायला मावशी बसली. मिस्तरींनी आधी विचारलं, पेट्या बंद असतात ना. त्यांना माश्यांचं वावडं होतं. लहानपणी एकदा कान सुजून पुरीएवढा झाला होता, ती गोष्ट त्यांनी आजवर तीसेक वेळा सांगितली असेल. आज सांगितली नाही.

चढावर मावशीला थोडा धीर होता. गाडी चढत असते तेव्हा भार मागे जातो, त्यात चोवीस पेट्या मागेच. पुढची बाजू उचललेली राहणार, पत्रा टायरपासून लांबच राहणार. म्हणजे वरपर्यंत ठकीला काहीच कळणार नाही. गाडी झकास चालतेय म्हणून ती खूश असणार. खरा घोळ उताराचा होता. उतारावर ब्रेक दाबला की सगळं ओझं पुढे येतं, नाक खाली जातं. डावीकडे पूर्ण वळताना गाडी उजवीकडे झुकते, आणि उजव्या चाकाचा कोपरा बरोबर त्या शिवणीकडे फिरतो. पलीकडच्या उताराला सात वळणं होती. पहिलं उजवं, दुसरं डावं, असं करत करत सातवं पुन्हा उजवं. दुसरं, चौथं आणि सहावं, मावशी मनात मोजत होती. पुन्हा पुन्हा तेच तीन आकडे.

माथ्यावर चहाची टपरी होती. ठकी तिथे नेहमी थांबायची. मावशीने इंजिन चालू ठेवूनच काच खाली केली. टपरीवाला म्हणाला, आली होती की, वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील जाऊन. आज भलतीच खुशीत होती. चाकं दाखवत होती सगळ्यांना. मग तो हसून म्हणाला, "मी म्हटलं, एवढी बाहेर आलेली चाकं, घाटात बरी चालतील का? तर म्हणाली, माझ्या मावशीने बसवलीत."

मावशीने काच वर केली नाही. तिला ते सुचलंच नाही.

पहिल्या वळणावर काही नव्हतं. रस्ता राखाडी, कोरडा, कडेला दगडी कठडा, त्यापलीकडे नुसती हवा. दुसऱ्या वळणावर तिने व्हॅन थांबवली आणि उतरली. रस्त्यावर रबराचा काळा चुरा पडला होता, खोडरबराने खोडल्यावर वहीत पडतो तसा. चार पावलांवर काळ्या प्लास्टिकचा हातभर तुकडा होता. चाकाच्या कमानीच्या आतलं अस्तर. त्यातलं नटाचं भोक फाटून लांब झालं होतं. शनिवारी तो नट तिनेच बसवला होता.

"ऐकलं असेल तिने," मिस्तरी म्हणाले. "एवढा तुकडा फाटला म्हणजे केवढा आवाज झाला असेल."

मग थांबली का नाही, असं मावशीच्या ओठांवर आलं. ती परत गाडीत बसली. तिला गिअर सापडेना. सव्वीस वर्षं चालवलेल्या व्हॅनचा गिअर. मिस्तरींनी तिचा हात धरून तो गिअरच्या दांड्यावर ठेवला.

तिसरं वळण स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की मावशीला क्षणभर वाटलं, पोरीने गाडी हळू घेतली असेल, वाचली असेल. लगेच तिने स्वतःला शिव्या घातल्या. तिसरं वळण उजवं होतं. तिथे काही दिसणारच नव्हतं. भीती माणसाला मूर्ख करते, आणि मूर्खाला आशा लवकर लागते.

चौथ्या वळणावर रस्त्यात रबराची एक पट्टी पडली होती. वीतभर लांब, एका बाजूला गुळगुळीत कापलेली. मावशीने ती उचलली, उलटी केली. आतून दोरे दिसत होते. टायरच्या कुशीतले दोरे. त्यांच्यापलीकडे नुसती हवा असते, बाकी काही नाही.

तेवढ्यात मिस्तरींनी झटकन मान आखडून घेतली. एक माशी त्यांच्या कॉलरवर बसली होती. दुसरी व्हॅनच्या काचेवर. तिसरी, चौथी. कठड्यावरून, खालून वर येत होत्या. सहावं वळण बरोबर या वळणाच्या पोटाखाली होतं.

"पेटी उघडली आहे," मावशी म्हणाली.

कठड्याशी जाऊन खाली वाकून बघायचं धाडस तिला झालं नाही. मिस्तरी जायला निघाले तर तिने त्यांची बाही धरली. बघितलं आणि खाली रस्त्यावर गाडी नसली तर? जोवर बघितलं नाही तोवर ठकी कुठेतरी आहे. असला हिशोब शहाणं माणूस करत नाही, पण मावशीने केला. दोघं व्हॅनमध्ये बसले आणि पाचवं वळण उतरले.

सहाव्या वळणावर पिकअप होती.

ती रस्त्यावरच होती, तिरकी. नाक कठड्यात रुतलं होतं. कठड्याचे वरचे दोन दगड जागेवर नव्हते. उजवं पुढचं चाक रिमवर बसलं होतं आणि टायर त्याच्याभोवती चिंधीसारखा लोंबत होता. मागे पेट्यांच्या पट्ट्या ताणलेल्या, वरच्या रांगेतली एक पेटी रस्त्यावर आपटून उघडी पडलेली. हवेत माश्यांचा ढग. आणि केबिनचं दार सताड उघडं, आत कोणी नाही.

मावशी धावली. पन्नाशी उलटलेलं, गुडघ्यांनी केव्हाच हात टेकलेलं माणूस, ती धावली. केबिनमध्ये बघितलं. सीटवर ठकीची पिशवी, पाण्याची बाटली. काच फुटलेली नव्हती. रक्त नव्हतं. मग तिने कठड्याच्या पडलेल्या दगडांकडे बघितलं. त्या खिंडारापर्यंत तीन पावलं होती. ती तीन पावलं तिला टाकता येईनात. मागून मिस्तरींनी हाक मारली तीही तिला ऐकू आली नाही.

"मावशी, तिथे उभी राहू नकोस, चावतील. चेहरा झाक."

गाडीच्या मागच्या फाळक्याआडून पांढऱ्या अंगरख्यातली, जाळीच्या टोपीतली ठकी उभी राहिली. तिच्या हातात पेटीचं झाकण होतं. ती खाली बसून पेटीतली राणी शोधत होती.

मावशीने तिला धरलं ते टोपी-जाळीसकट. दोन माश्या चावल्या, एक मानेला, एक कपाळाला. तिला ते संध्याकाळी कळलं. ठकी हसत म्हणाली, अगं मी ठीक आहे, जरासा खांदा दुखतोय. पण तिचंही अंग थरथरत होतं, अंगरख्याच्या आत, पार दातांपर्यंत. दोघींचं थरथरणं एकमेकींत मिसळून गेलं आणि कोणाचं कुठलं ते कळेना.

मग ठकीने सांगितलं. दुसऱ्या वळणावर जोरात खर्रकन आवाज आला. ती थांबली, उतरली, प्लास्टिक लोंबत होतं. माथ्यावर परत जावं असं एकदा मनात आलं. गाडी वळवायला जागाही होती.

"मग गेली का नाहीस?"

"तुझ्या तीन रेघा होत्या ना." ठकी पत्र्याकडे बघत म्हणाली. धुळीत, ठोकरलेल्या पत्र्यावर, तीनही रेघा अजून दिसत होत्या. "म्हटलं, मावशीने बघितलंय म्हणजे बघितलंय. प्लास्टिकच असणार. चौथ्या वळणावरही आवाज आला, तेव्हाही हेच म्हटलं."

मावशीने गाडीला हात लावला.

ठकी बोलत राहिली. चूक माझीच गं, म्हणाली. तू सांगत होतीस, रुंद चाकं नकोत, बाहेर येणारं रिम नको. मीच ऐकलं नाही. तू तरी किती सांगणार?

वाट मोकळी होती. काही न बोलता त्या वाटेने निघून जाता आलं असतं. पोरीने दोष आपणहून अंगावर घेतला होता, मिस्तरी दूर व्हॅनमध्ये काचा लावून बसले होते, आणि ठोकळ्याच्या रंगाची गोष्ट जगात दोघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. मावशीने तळहात उघडला. रेषांमध्ये अजून लाल होतं.

"त्या रेघा या चाकांच्या नव्हेत," ती म्हणाली. "सकाळच्या चाकांच्या होत्या. ही चाकं मी ठोकळ्यावर चढवलीच नाहीत. रेघा दिसल्या आणि सोडून दिली."

ठकीने टोपी काढली. तिचा चेहरा लहान मुलीसारखा दिसत होता, चार वर्षांच्या, आई कधी येणार म्हणून विचारणाऱ्या. माश्या गुणगुणत होत्या. ती रागावली असती तर मावशीला सोसलं असतं.

"आवाज मी ऐकला होता," ठकी शेवटी हळू म्हणाली. "माझ्या कानांनी."

मग ती कामाला लागली, कारण उन्हं वर येत होती. बंद पेट्यांत माश्या तापतात, उकडून मरतात. अकराच्या आत त्या बागेत उघडायला हव्यात. राणी सापडली, पेटी जुळवली, पट्ट्या आवळल्या. मावशीने आणि मिस्तरींनी जॅक लावला. मिस्तरी अंगभर फडकी गुंडाळून आले होते, नुसते डोळे दिसत होते, आणि एरवी ठकीने त्यावर आठवडाभर हसून घेतलं असतं. पुढचा पत्रा पहारीने सरळ केला. खाली वाकून दांडे, सांधे, ब्रेकची नळी बघितली. नशिबाने मार फक्त बंपरला होता. दोन्ही पुढची चाकं उतरवून लाल पट्ट्यांची बारीक चाकं चढवली.

शेवटचा नट आवळला जाताच ठकी चावी घेऊन बसली आणि तिने गाडी कठड्यापासून मागे घेतली. दहा वाजून गेले होते. मावशीने व्हॅनमधून जाड फळी ओढत आणली, तिच्याखाली कठड्याचा पडलेला एक दगड ठेवला.

"मावशी, आता वेळ नाही. एकच वळण राहिलंय, तेही उजवं. ही चाकं तर तू शनिवारी बघितलीस ना? माश्या मरतील गं."

तिचं म्हणणं खरं होतं. हीच चाकं ठोकळ्यावर चढली होती. पण तेव्हा हा पत्रा ठोकरलेला नव्हता, पहारीने ओढलेला नव्हता. आणि उशीर झाला तर माश्या मरणार, हेही खरंच होतं. ठकीने खिडकीतून हात बाहेर काढून मावशीच्या खांद्यावर ठेवला, नेहमीसारखा.

"नाही," मावशी म्हणाली.

हा शब्द तिच्या तोंडून इतका अवघडून आला की ठकीने वळून बघितलं. मावशी पुन्हा म्हणाली, नाही, आणि फळी चाकापुढे सरकवली.

ठकीने गाडी फळीवर चढवली. पुढची बाजू दबली. मावशी कान लावायला रस्त्यावर आडवी होऊ लागली, तेव्हा ठकी केबिनमधून उतरली.

"तू स्टिअरिंग फिरव," ती म्हणाली. "ऐकते मी."

ती पांढऱ्या अंगरख्यात धुळीत आडवी झाली आणि चाकाशी कान लावला. मावशीने स्टिअरिंग डावीकडे नेलं, टोकापर्यंत, मग उजवीकडे. खिडकीतून वाकल्यावर तिला ठकीचे डोळे मिटलेले दिसत होते. एकदा झाल्यावर ठकी म्हणाली, परत. मावशीने परत फिरवलं. मग दुसऱ्या बाजूचं चाक, तिथेही दोनदा. वर्षानुवर्षं मावशीने गाड्यांची नाडी बघितली होती, पण आपली नाडी कोणी अशी कान लावून बघितल्यासारखं तिला पहिल्यांदाच वाटलं.

ठकी उठली. अंगरख्याच्या बाहीने तिने पत्र्यावरच्या जुन्या तीन रेघा पुसून टाकल्या. हात पुढे केला. मावशीने खिशातला खडू तिला दिला.

तिने टायरच्या काळ्या भिंतीवर तीन रेघा ओढल्या, पत्र्यावर नाही. खडू परत दिला नाही, स्वतःच्या खिशात टाकला.

उरलेलं एक वळण मावशी तिच्या शेजारी बसून उतरली. व्हॅन मिस्तरी मागून आणत होते. वळणावर ठकीने दोन्ही काचा खाली केल्या, आणि माश्या आत आल्या तरी चालेल, म्हणून दोघी ऐकत राहिल्या.